पंचापकेश रावांचा गप्प डबा

पंचापकेश राव नमस्कार एका हातानं करत. उजवा हात छातीशी उभा आणि डावा पाठीमागे वेष्टीत, म्हणजे धोतरात, खोचलेला. मद्रासला बदली झाल्यावर ट्रिप्लिकेनमधल्या एका घराच्या अर्ध्या भागात आम्ही बिऱ्हाड थाटलं, त्या पहिल्याच दिवशी हे शेजारी असा अर्धा नमस्कार करत दारात उभे राहिले. मला वाटलं, बिचाऱ्याचा हात अधू आहे. माझ्या बायकोनं, मालतीनं, कॉफीचा पेलासुद्धा त्यांच्या उजव्या हाताशी येईल असा बेतानं ठेवला. चार दिवसांनी तेच गृहस्थ ओसरीवर बसून दोन्ही हातांनी छत्री दुरुस्त करताना दिसले, तेव्हा आपली कोणीतरी फसवणूक केली आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं.

शेवटी मी न राहवून विचारलंच.

"चारशे वोल्टाजवळ काम करणारा मनुष्य डावा हात लपवून ठेवतो हो," राव म्हणाले. "दोन हात लावला की करंट ह्या हातातून त्या हातात जातो. वाटेत काय आहे? छाती!"

"पण राव, माझ्या अंगात कुठला आलाय करंट?"

"सवय," ते म्हणाले. "एकदा मोडली की मोडली. मग एक दिवस मी पण मोडीन."

देवळातही त्यांचा नमस्कार एकाच हाताचा. त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, या गोष्टीचा भयंकर राग होता. "देव काय तुझा ट्रान्सफॉर्मर आहे?" असं त्या भर देवळात त्यांना विचारत.

घरात ही दोघंच. अक्का साठीच्या, राव पन्नाशीला टेकलेले. तंजावरकडची मराठी माणसं. कित्येक पिढ्या तिकडेच गेल्या, पण घरात बोलणं मराठी. ते मराठी पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी मनातल्या मनात लाल पेन्सिल उचलली होती. "मी पत्र लिहिलो", "अक्का सांगितली", "अस्के लोक आले", अस्के म्हणजे सगळे. मी एकदा सुधारायला गेलो, तर राव शांतपणे म्हणाले, "तुम्ही तिकडं राहून बदललात. आम्ही जपून ठेवलो." त्यानंतर मी त्या फंदात पडलो नाही. मला ते बाँबेकर म्हणत. मी साताऱ्याचा. मुंबई आयुष्यात दोनदा पाहिलेली, तीही गाडी बदलायला. पण सांगून उपयोग नव्हता.

राव तांबरमच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत कामाला होते. सकाळी लोकलनं जात, संध्याकाळी येत, आणि आल्यावर ऐकत बसत. काय ऐकत? तर हम्. विजेच्या कुठल्याही यंत्रातून जी बारीक घूं अशी घरघर सतत येत असते, तिला ते हम् म्हणत. हा त्यांचा जन्माचा वैरी. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी एक बोट वर केलं. "श्श. काय की घुमालंय." मग विजेच्या मीटरपाशी, तिथून पंख्याच्या रेग्युलेटरपाशी, भिंतीला कान लावत लावत गेले. मालतीला वाटलं, वीजकंपनीचा माणूस आलाय. तिनं त्यांना स्वयंपाकघरातला बंद पडलेला स्विचही दाखवून टाकला. त्यांनी तो दुरुस्त केला, एका हातानं.

एका लग्नात तर ते पंगतीला सापडेनात. वधूपिता पान वाढून ताटकळलेला. शोधलं तर मांडवाच्या खांबाला कान लावून उभे, वर ट्यूबलाइट. "हिचा चोक सैल झालाय," ते म्हणाले. "नादस्वरम् कसं वाटलं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "ह्याच्यामुळं कुठं ऐकू आलं?"

माणसांची वर्गवारीही ते याच हिशेबानं करत. कॉलेजातले त्यांचे साहेब म्हणजे "फिल्टर न लावलेला मनुष्य". मी "हाफ वेव्ह", कारण माझं म्हणे समोरच्याच्या अर्ध्या बोलण्याकडेच लक्ष असतं. मालती मात्र "स्वच्छ डी. सी." ती याचा अर्थ समजून न घेताच खूष झाली आणि वर्षभर मला ऐकवत राहिली.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आम्ही तिथं राहायला गेल्यावरच्या पहिल्या रामनवमीला एक गोष्ट घडली.

आमच्या गल्लीच्या टोकाला मराठी मंडळींचं एक भजनमंदिर होतं. रामनवमीच्या संध्याकाळी तिथं अक्का रामजन्माचं पद म्हणत. त्यांचे वडील तंजावरचे कीर्तनकार. अक्का अगदी लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आल्या, ते पद वडिलांकडून शिकल्या आणि तेव्हापासून एकही रामनवमी त्यांनी चुकवली नव्हती. पण आता आवाज बारीक झालेला. गर्दी वाढलेली. म्हणून मंडळींनी भाड्याचा माइक आणला. तो माइक सुरू झाल्यापासून भाताच्या गिरणीसारखा घरघरत होता. त्यात अक्का मडीत. मडी म्हणजे आपलं सोवळं. "दहा लोकांच्या तोंडासमोर फिरलेली वस्तू माझ्या तोंडाशी नक्को," म्हणून त्यांनी माइक चांगला हातभर लांब ठेवायला लावला. आवाज पोचेना, म्हणून माइकवाल्यानं बटण पिळलं. घरघर दुप्पट झाली आणि मग भोंग्यातून अशी कर्णकर्कश शीळ निघाली की पोरं कान धरून हसत सुटली. मागच्या रांगांत बायकांच्या गप्पा सुरू झाल्या. अक्का दुसऱ्या ओळीवर थांबल्या. पदर सावरून उठल्या आणि खाली उतरल्या.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता पुरे. माझा आवाज संपला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून राव मूर मार्केटला, जुन्या सामानाच्या बाजारात, गेले आणि लढाईनंतर भंगारात आलेल्या सामानातून एक पिशवी भरून घेऊन आले. वाल्व, कंडेन्सर, तारांची भेंडोळी. मी ओसरीवरच होतो. "हे काय?" म्हटलं.

"अक्काचा आवाज संपला नाही," राव म्हणाले. त्यांचा स्वर मी इतका तापलेला कधी ऐकला नव्हता. "आवाज आहे. हम् त्याच्यावर बसलाय. मी नवा डबा करून त्याला उठवतो."

अक्कांनी आतून ऐकलं असावं. "तुझा डबा एकदम गप्प झाला तर बघू," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी मी म्हणणार नाही."

एवढी एक अट, आणि त्या अटीपायी वर्ष गेलं.

मोठा अँप्लिफायर रावांनी पूर्वीच केलेला होता. प्रश्न होता त्याच्याआधीच्या छोट्या डब्याचा. हातभर लांबून माइकवर पडलेला अक्कांचा आवाज म्हणजे अगदी कुजबुज. ती या डब्यात शंभर पटींनी मोठी व्हायची. पण डब्यात जरा जरी घरघर असली तर तीही शंभर पटींनी मोठी होणार. आणि घरघर येते कुठून? तर डब्याला जी वीज पुरवायची तिच्यातून. म्हणून वर्षातले आठ महिने राव फक्त वीज स्वच्छ करत होते.

मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण रावांनी शिकवलेलं अजून पाठ आहे. "घरातली वीज कशी आहे? तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कसारखी. जाते, येते, जाते, येते, पुढं काही सरकत नाही. तिला हा पहिला वाल्व एका दिशेला लावतो. पण ती उड्या मारत जाते. मग हा कंडेन्सर. हा म्हणजे पाण्याची टाकी. उड्या ह्याच्यात पडतात, बाहेर धार येते. आणि मध्ये हा चोक." इथे आवाज खाली आणून ते म्हणाले, "हा म्हणजे आमची अक्का. काही पण बदल आला की म्हणते, नक्को."

"ऐकू आलं मला," आतून अक्का म्हणाल्या.

"बघा," राव म्हणाले. "हे असलं ऐकू येतं."

त्यांचा एक मंत्र होता. कोणी विचारलं, "राव, दुकानात तयार मिळत नाही का हे?" की ते म्हणत, "वोल्टेज अस्के देतात. शांती कोण देतो?"

ट्रान्सफॉर्मरनं तर एक अख्खा रविवार खाल्ला. त्याच्या लोहचुंबकाची झळ डब्याला लागते म्हणून त्याला वेगळ्या पेटीत घातलं. पेटी लांब नेता नेता स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथून अक्कांनी हाकलली, ती आमच्या बाजूला आली, आणि पंधरा दिवस मी एक जाड वायर ओलांडून दाढी करायला जात होतो. मग राव म्हणाले, नुसतं लांब ठेवून भागत नाही, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही बघायला पाहिजे. मला हेडफोन घालून बसवलं. ते ट्रान्सफॉर्मर केसभर फिरवायचे आणि विचारायचे, "कमी? जास्त?" मी प्रामाणिकपणे सांगत होतो. तासाभरानं मला काहीच फरक कळेना, म्हणून मी आलटून पालटून एकदा कमी, एकदा जास्त सांगू लागलो. त्यांनी ते पाच मिनिटांत ओळखलं. हेडफोन काढून घेतले आणि मालतीला बोलावलं. स्वच्छ डी. सी.

तरी एक बारीकशी घरघर राहिलीच. राव म्हणाले, ही अर्थिंगची. घराची अर्थिंग कुचकामी होती. जमिनीत तांबं पुरायचं, भोवती कोळसा आणि मीठ घालायचं आणि जागा कायम ओली ठेवायची, असा त्यांचा बेत. अंगणात कायम ओली जागा एकच, अक्कांच्या तुळशीची. रोज सकाळी विहिरीचं पाणी काढून अक्का तिला भरली कळशी घालत. राव फावडं घेऊन पोचले, तशा अक्का आडव्या उभ्या राहिल्या.

"मीठ नक्को. तुळस मरेल."

"मिठाशिवाय करंट जाणार कसा?"

"मी पाणी घालते की रोज. पाण्यानं जाऊ दे."

रावांनी जरा विचार केला आणि मान्य केलं. गळका तांब्याचा चंबू कोळशात पुरला, त्याची वायर डब्याला जोडली आणि डबा गप्प झाला. अगदी ठार गप्प.

त्या रविवारी सकाळी त्यांनी गल्लीतल्या आठ-दहा जणांना कॉफीला बोलावलं. सगळे बसले. रावांनी बटण पूर्ण पिळलं आणि बोट वर केलं. स्पीकरमधून काही म्हणजे काहीच आलं नाही. पाच मिनिटं आम्ही ते ऐकलं. रावांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान ओसंडून चाललेलं. शेवटी पलीकडच्या घरातले पेन्शनर म्हातारे माझ्या कानाशी लागले, "प्रोग्राम किती वाजता सुरू?"

अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "रामनवमीला बघू." रावांना तेवढं पुरेसं होतं. ते दिवसभर शीळ घालत होते.

रामनवमी दहा दिवसांवर आली आणि घरघर परत आली.

राव हादरले. पहिल्या दिवशी कंडेन्सर बदलले. दुसऱ्या दिवशी वाल्व. तिसऱ्या दिवशी माझ्या रेडिओवर संशय घेऊन तो बंद करायला लावला. मग समोरच्या इस्त्रीवाल्याकडे जाऊन त्याच्या दुकानातल्या दिव्याची चौकशी करून आले. जेवणाचं भान नाही, दाढी वाढलेली, कॉलेजात रजा. चौथ्या दिवशी त्यांनी सबंध पेटी उघडून तारांचा ढिगारा केला. मी म्हटलं, "राव, जाऊ द्या. थोडी घरघर राहिली तर काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो.

मग त्यांना अर्थिंगचा जोड तपासायचं सुचलं. मी बरोबर अंगणात गेलो. राव तुळशीपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. तुळशीनं माना टाकल्या होत्या. माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. मद्रासच्या चैत्रात दोन दिवस पाणी चुकलं तर असंच व्हायचं.

"अक्का," ते वळून म्हणाले, "पाणी घातली नाहीस?"

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. उभं राहायच्या ऐवजी बसल्या होत्या, हे मलाही तेव्हाच दिसलं. चेहरा पांढराफटक, पावलं सुजलेली.

"उचलत नाही रे कळशी," त्या म्हणाल्या. "सहा दिवस झाले. दम लागतो."

"सांगितली का नाहीस?"

"तू डब्यात होतास."

राव तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर बसले. हातातली वायर खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. भिंतीपलीकडच्या मीटरचा आवाज ऐकणारा माणूस हा. सहा दिवस घरात कळशीचा आवाज नव्हता, रहाटाचा नव्हता, आणि ही शांतता याला ऐकू आली नव्हती. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःची लाजही वाटली. भिंत आमचीही तीच होती.

"मी ऐकलो नाही," राव म्हणाले. एवढंच, पण तीनदा म्हणाले.

नंतर मालतीनं मला सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. रावांची आई ते चार वर्षांचे असताना गेली. अक्का तेव्हा नुकत्याच विधवा होऊन आलेल्या, स्वतः पोरच. त्यांनीच याला वाढवलं. वडील गेल्यावर कीर्तनांना जाऊन, पदं म्हणून, याला बी. एस्सी. केलं. राव आयुष्यभर त्यांच्याशी भांडत आले होते, पण लग्नाचा विषय निघाला की म्हणत, "अक्काला सोडून कुठं जाऊ?" आणि लोकांना ती थट्टा वाटे.

डॉक्टर आले. अंगातलं रक्त फार कमी झालंय, म्हणाले. इंजेक्शनं, टॉनिक, आठ दिवस सक्तीची विश्रांती. घाबरण्यासारखं काही नाही. राव मात्र घाबरलेलेच. त्यांनी डबा, पेट्या, तारा सगळं उचलून कोपऱ्यात ढकललं आणि वर चादर टाकली. पहाटे उठून पाणी काढू लागले. दोन्ही हातांनी. तुळशीला पाणी, अक्कांना पेज. मालती स्वयंपाकाला जाई तर तिला म्हणत, "मी करतो." त्यांचा रसम् मी एकदा चाखला आणि अक्का लवकर बऱ्या व्हाव्यात म्हणून मनापासून प्रार्थना केली.

भजनमंदिराच्या सेक्रेटरीला त्यांनी परस्पर कळवून टाकलं, की यंदा पद होणार नाही. ते अक्कांच्या कानावर गेलं. मी तब्येत विचारायला गेलो होतो, तेव्हा उशीला टेकून बसलेल्या अक्का भावाला विचारत होत्या, "कोण सांगितलं होणार नाही म्हणून?"

"मी. तू झोप."

"तुझा डबा घुमालंय का अजून?"

"बघितलो नाही."

"बघ," अक्का म्हणाल्या.

"अक्का, डबा नक्को मला. तू बरी हो."

"मी बरी होते. तू डबा बघ. सगळं वर्ष काय मग, मातीत घातलास?"

राव जागचे हलेनात. मग अक्का माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी त्याला सांगा हो बाँबेकर. ह्याला वाटतं, मी ह्याच्यासाठी म्हणते. मला म्हणायचं आहे. वर्षभर मी रोज आंघोळीच्या वेळी मनात म्हणून बघते, आवाज जातो का." आणि एवढं बोलून त्या दमल्या.

रावांनी चादर काढली. बटण फिरवलं. चार दिवस तुळशीला भरपूर पाणी मिळालेलं. डबा ठार गप्प होता.

रामनवमीच्या दिवशी डॉक्टरांची परवानगी मिळाली, एकच पद, तेही बसून. भजनमंदिरामागे न्हाणीचं पाणी जिरणाऱ्या केळीच्या आळ्यात राव दुपारीच तांबं पुरून आले. अक्का मडीत, पाठीला पाट लावून बसल्या. माइक हातभर लांब. राव सगळ्यात मागे, चपलांच्या ढिगापाशी आपल्या पेट्या मांडून, आणि शेजारी मी. गर्दी मावत नव्हती. मागच्या रांगांतल्या बायकांच्या गप्पा मागच्या पानावरून पुढे चालू.

रावांनी बटण फिरवलं. भोंगा गप्पच राहिला, इतका की सेक्रेटरी उठून माइक चालू आहे की नाही ते बघायला निघाले. तेवढ्यात अक्का बोलल्या. गायल्या नाहीत, बोलल्या. घरात स्वयंपाकघरातून हाक मारत, तितक्याच हळू.

"पंचू, मागं ऐकू येतंय का रे?"

आणि ते अख्ख्या भजनमंदिरात, शेवटच्या रांगेत, बाहेर चपलांपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. तो दमलेला श्वाससुद्धा. बायकांच्या गप्पा बंद झाल्या. सगळ्या माना मागे वळल्या.

पंचापकेश राव नुसतेच मान हलवत राहिले, हलवत राहिले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढ्या लांबून अक्कांना ते काय दिसणार? त्यांनी पुन्हा विचारलं, "पंचू?"

शेवटी मीच उठून उभा राहिलो. आवाज पार चिरकला.

"येतंय, अक्का! सगळं ऐकू येतंय! म्हणा तुम्ही!"

अक्कांनी मान डोलावली, पदर सारखा केला आणि पद धरलं.